सदतिसावी फेरी

तार्तू, जानेवारी. बाहेर उणे एकोणीस.
नदी गोठून गप्प,
आणि माझ्या स्क्रीनवर सावेलीचा मेंदू
कपाळाकडून ओढल्यासारखा,
सैल भिजलेली कणीक उचलताना
एका बाजूने लोंबावी तसा.

सावेली तसा नाही.
सावेली पेइप्सी तळ्याकाठचा, कांदे पिकवणारा,
हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे धरणारा,
एकाहत्तर वर्षांचा, कपाळ रुंद आणि सरळ.
हल्ली गळ धरताना उजवा हात ऐकत नाही,
म्हणून बसने इथवर आला,
लेलोसाठी कांद्यांची वेणी घेऊन.

दोष हवेचा आहे.
नाकामागे, भुवयांमागे हाडांत पोकळ्या असतात;
तिथली चिमूटभर हवा
एवढ्या थोरल्या चुंबकाला चकवते.
इथलं तिथे दिसतं.

म्हणून आम्ही दोनदा विचारतो.
एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे.
पहिल्या चित्रात कपाळ फुगतं,
दुसऱ्यात तेवढंच चेपतं.
दोन्ही साक्षीदार खोटे,
पण एकाच मापाने, उलट दिशांना खोटे,
आणि असे खोटे मला फार उपयोगी पडतात:
मधे कुठेतरी माणूस उभा असतो.

मग पाणी.
खरं तर आम्ही पाणीच मोजतो,
डोक्यातलं, थेंबाहून कितीतरी लहान,
ते किती भटकतं, आणि कुठे.
तंतूंच्या कडेने ते सुटतं,
आडवं गेलं की अडतं.
चौसष्ट दिशांनी विचारायचं, इकडे जातोस का?
दर प्रश्नाला यंत्राच्या धातूत उलटे प्रवाह उठतात
आणि चित्र जरासं कलतं,
घाईत लिहिलेल्या ओळीसारखं.
तेही सरळ होतं. वेळ लागतो.
तोवर कॉफी गार.

डोकं किती सरकलं, किती वळलं,
फेरीगणिक सहा आकडे.
छत्तीस फेऱ्या सावेली दगड.
सदतिसाव्यात
हनुवटी छातीकडे, अडीच अंश,
आणि परत.

लेलोला फोन केला. खोकला का?
"नाही गं. मीच माइकवरून विचारलं, आजोबा, बरं आहे ना?
काही बोलले नाहीत."

बोलणार कसे.
बोलू नका असं तिनेच बजावलं होतं.
त्या नळीत, कानठळ्या बसवणाऱ्या ठोक्यांत,
बघणारं कोणी नसताना
त्याने मान डोलावली.

आता तो होकार मला काढून टाकायचाय.
डोकं उलट फिरवायचं, अडीच अंश,
आणि डोक्याबरोबर प्रश्नाची दिशाही.
नवशिके हे विसरतात:
डोकं सरळ करतात, प्रश्न तिरका ठेवतात,
मग तंतू भलत्याच गावाला जातात.
मीही विसरले होते एकदा. नाव सांगत नाही कोणाचं डोकं.

तीन काप मात्र काळेच निघाले.
मान हलली त्या क्षणी तिथलं पाणी
नोंदलंच गेलं नाही.
ते आजूबाजूच्या दिशांवरून भरायचे, अंदाजाने.
चांगला अंदाज. तरी अंदाज.
अहवालात तसं लिहिते.

पहाटे चारला कपाळ जागेवर आलं.
डावीकडून खाली उतरणारी वाट,
उजव्या हाताकडे जाणारी,
एका ठिकाणी विरळ.
हे विरळपण माझ्या ओढाताणीचं तर नाही?
ताळा पाहिला. पुन्हा पाहिला.
नाही. ते त्याचंच आहे.

दुरुस्त फाईल डॉक्टर हेल्वेकडे गेली.
तिच्यात सावेली एकदाही हललेला नाही.
सहा आकड्यांची फाईल कोणी मागत नाही,
ती मी ठेवून घेतली.

लेलोने वेणीतला एक कांदा
माझ्या टेबलावर ठेवला होता.
कापला, जाडेभरडे काप,
काळ्या पावाबरोबर खाल्ला.
तिखट होता.